आठ पायांची चिप आणि तीन दिवसांची उचकी

आमच्या दुकानात एकच शब्द विनाकारण उच्चारायला बंदी आहे. बाकी तुम्ही काय वाटेल ते बोला. हवेला बोला, जावयाला बोला, मला तर बोलाच, कारण मला बोलणं ही तिथली रीतच आहे. फक्त ‘उडाला’ म्हणायचं नाही. खरोखर काही उडाल्याशिवाय तर नाहीच नाही.

दुकान दुरुस्तीचं. वजनकाटे, धुलाईची मशीनं, शिलाईची मशीनं, दारावरच्या घंट्या, ज्याच्या म्हणून पोटात हिरवा बोर्ड असतो ते सगळं आमच्याकडे येतं. हल्ली त्या बोर्डांवरचे भाग फार बारीक झालेत. पूर्वी भागांना तारेचे पाय असत, ते भोकातून आरपार जात, मागच्या बाजूने सोल्डर वितळवलं की भाग मुकाट्याने हातात येई. आता भोक नाही, तार नाही. भाग बोर्डाच्या पाठीवर नुसता बसलेला, दोन्ही टोकांना सोल्डरचा एकेक चमकता थेंब, बस्स. आणि आकार म्हणाल तर मोहरीचा दाणा शेजारी ठेवला की कलिंगड वाटतो. एकदा एका मुंगीने आमच्या टेबलावरून असा एक भाग उचलला होता. चार पावलं गेली आणि एवढ्याशासाठी कोण घरापर्यंत चालणार म्हणून परत आणून ठेवला.

हा भाग काढायचा तर दोन्ही टोकं एकाच वेळी वितळलेली हवीत. एक टोक पातळ आणि दुसरं घट्ट असताना ओढलंत, तर भागाबरोबर बोर्डाची तांब्याची कातडीही सोलून येते. आणि चिमट्यात धरताना केसभर जास्त दाब पडला, की टिक्! गेला. तो कुठे जातो हे शास्त्राला अजून उमगलेलं नाही. एक मला आठ दिवसांनी माझ्या मिशीत सापडला. दुसरा एका उघड्या पाकिटात पडला, ते पाकीट दुसऱ्या गावी गेलं, पत्ता चुकला म्हणून परत आलं, तेव्हा मिळाला.

म्हणून नियम. भाग निसटताना ज्याला दिसेल त्याने ‘उडाला!’ म्हणून ओरडायचं, आणि दुकानातल्या प्रत्येकाने जिथे असेल तिथे, जसा असेल तसा दगड व्हायचं. पाय उचलायचा नाही, कारण भाग बुटाच्या तळव्याला चिकटून रस्त्याला लागला की संपलं. मग गुडघ्यावर बसून, टॉर्च आडवा धरून शोध. सापडेपर्यंत कुणाची सुटका नाही, गिऱ्हाईक असो की पाहुणा. एक विम्याचा एजंट असाच उंबरठ्यावर एक पाय उचललेल्या अवस्थेत पाऊण तास उभा होता. शेवटी घाबरून त्याने स्वतःचाच विमा उतरवला.

हे काढण्याचं काम आमची ही करते. माझी बोटं म्हणजे काकड्या. मी स्क्रू काढतो, झाकणं उघडतो, गिऱ्हाइकांशी बोलतो. ही कपाळावर भिंग बांधून बसते, उजव्या हातात तापलेलं आयर्न, म्हणजे सोल्डर वितळवायची टोकदार सळई, डाव्यात चिमटा. पांढऱ्या कापडाचं एक टोक टेबलाला टाचलेलं आणि दुसरं तिच्या कमरेला, म्हणजे पडलंच काही तर झोळीत पडावं. तिने एकदा चालू घड्याळातून भाग काढून, तपासून, परत बसवला, आणि घड्याळाला संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. कोपऱ्यात गरम हवा फेकणारं मशीनही आहे आमच्याकडे. पण तिला ते आवडत नाही. म्हणते, “गरम हवा शेजारपाजारच्या सगळ्यांना लागते. मला फक्त एकाला उठवायचं असतं.” मग त्या मशीनवर मी रुमाल वाळवतो.

तर त्या सोमवारी आमच्याकडे भरतकामवाली आली. दोन गल्ल्या पलीकडे तिचं दुकान, आत कापडावर आपोआप नक्षी भरणारं मशीन. बगलेत तान्ह्या बाळासारखं दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. दुपटं उघडलं तर आत बोर्ड, आणि बोर्डावर हिरवट पांढरा बुरशीसारखा थर.

“काकू, बघा ना याच्याकडे,” ती म्हणाली. “तीन दिवसांपासून मशीन जागंच होत नाही.”

हिने भिंग खाली ओढलं. “बॅटरी फुटलीय. आतलं पाणी सगळ्या रेघा खाऊन गेलंय. हा बोर्ड गेला गं.”

“बोर्ड जाऊ दे. तसलाच दुसरा आहे माझ्याकडे, जुन्या मशीनचा. पण त्यात नक्ष्या नाहीत.” तिने बोटाने एका काळ्या चौकोनाकडे दाखवलं. “नक्ष्या यात आहेत म्हणे.”

तो चौकोन म्हणजे आठवणी साठवणारी चिप. डावीकडे चार पाय, उजवीकडे चार पाय, झुरळाच्या पिल्लाएवढी.

“किती नक्ष्या?” मी विचारलं.

“दोनशे चौदा. सगळ्या आईच्या. चाळीस वर्षं तिने काढलेल्या.”

“मग कागद असतील की.”

भरतकामवालीने दुपट्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. “होते. एकेक नक्षी मशीनमध्ये भरली, तसे कागद मी रद्दीत दिले. म्हटलं, आता मशीनमध्ये आहेत ना. आईला माहीत नाही. तिला आता दिसत नाही नीट, बोटांनी चाचपून ओळखते सगळं. मावशीकडे गेलीय, गुरुवारी संध्याकाळच्या बसने येणार. आली की आधी मशीनजवळ बसते आणि म्हणते, चिमणी भर. ती पहिली नक्षी तिची. चिमणी भरली की तिच्यावर बोट फिरवणार, आणि नाक मुरडून म्हणणार, मशीनचा टाका सरळ येतो मेला, जीव नसतो त्यात. दर वेळी तेच. आणि या वेळी मी काय सांगू, काकू? चिमणी नाही, कागद नाही, काही नाही?”

“रडू नकोस,” ही म्हणाली. “चिप जिवंत आहे. पाय थोडे खाल्लेत, पण उभी आहे. तिला उठवून दुसऱ्या बोर्डावर बसवू. फक्त पाय तुटता कामा नये. एक पाय तुटला तरी चिमणी गेली.”

“आज होईल?”

“चहा होऊ दे, लगेच घेते.”

आणि इथे माझं चुकलं. ही चहाचा घोट घेत असताना मी एक वाक्य बोललो. ते इथे लिहीत नाही, कारण ते तिच्या भावाबद्दल होतं आणि त्याला वाचता येतं. तिला घोट घशात असतानाच हसू आलं. चहा अर्धा पोटात, अर्धा नाकात, आणि मग आतून आवाज आला.

“हिक्.”

भरतकामवालीही हसली. मीही हसलो. चार सेकंदांनी परत. “हिक्.” मग परत. पंधरा मिनिटांनी कुणी हसेनासं झालं.

ती उचकी साधी नव्हती. हिचा उजवा हात दर उचकीला वीतभर उडायचा. त्या हातात तापलेलं आयर्न दिलं असतं, तर चिप राहू दे, माझी मिशी राहिली नसती. भरतकामवालीला उद्या ये म्हटलं. उद्या आला, उचकी होतीच. मंगळवारी तिने साखर खाल्ली, लिंबू चोखलं, ओणवं होऊन पाणी प्यायली, श्वास कोंडला. श्वास कोंडल्यावर उचकी आत फिरत राहिली आणि सोडल्यावर साठलेल्या सगळ्या एका रांगेत बाहेर आल्या. झोपेतही उचकी चालू. बुधवारपर्यंत गल्लीला सवय झाली. समोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आपोआप थांबेल, आणि तोवर तिच्या उचकीवर पेशंटची नाडी मोजू लागल्या, कारण त्यांच्या घड्याळापेक्षा ती नेमाची होती. बरोबर चार सेकंद. ना कमी ना जास्त.

माझा मेव्हणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, याने तर विडाच उचलला. त्याचं टायरचं दुकान रस्त्याच्या पलीकडे. दिवसभर हवेच्या पंपाच्या शेजारी उभं राहून त्याचा आवाज असा झालाय, की तो कानात काही सांगायला लागला तर चौकातली कबुतरं उठतात.

“भावजी, उचकीवर एकच औषध,” तो म्हणाला. “घाबरवायचं.”

“तुझी बहीण गेल्या चाळीस वर्षांत कशालाही घाबरल्याचं मी पाहिलेलं नाही.”

“बघाच तुम्ही.”

मंगळवारी त्याने तिच्या मागे कागदी पिशवी फोडली. “हिक्,” ती म्हणाली, “पिशवी वाया घालवलीस.” बुधवारी सायकलची ट्यूब फोडली. “हिक्. ट्यूबही.” बुधवारी संध्याकाळी तो टोपलीखालून ओरडत बाहेर आला. तिने टोपली त्याच्या डोक्यावर परत ठेवली आणि दळण आणायला पाठवलं.

गुरुवार उजाडला. सकाळी दहाला भरतकामवाली आली, बाराला आली, दोनला आली ती बसूनच राहिली. दुपट्यातला बोर्ड मांडीवर, आणि दर उचकीला तिचे खांदे थोडे खाली.

अडीचला हिने एक भंगारातला बोर्ड ओढून घेतला.

“अहो, इकडे या. माझ्या हाताकडे, हिक्, बघा. उचकी येते तेव्हा हात कुठे जातो?”

“वर.”

“नीट बघून सांगा. हिक्.”

“आधी वर, मग जरा पलीकडे.”

“मग झालं तर!” तिचे डोळे भिंगामागे केवढे तरी मोठे झाले. “चिपच्या एका बाजूला आयर्न टेकवायचं. चार सेकंद सोल्डर वितळू द्यायचं. उचकी आली की हात आपसूक, हिक्, असा वर, आणि पलीकडच्या बाजूला उतरवायचा. परत चार सेकंद. ही बाजू थंड व्हायच्या आत परत इकडे. मी तरी मनात मोजून तेच करते ना? आता मोजायचीही गरज नाही. थांबत नाही म्हणतेय ना? मग लावते तिला कामाला.”

भंगारातल्या बोर्डावर पहिली चिप उडून छताच्या पंख्याला लागली; भंगारातली, म्हणून कुणी ओरडलं नाही. दुसरी झोळीत पडली. तिसरी अशी अलगद उठली, जसं काही तिला कुणी बसायला दुसरी जागा दाखवली. चौथी, पाचवी, सहावी तशीच. भरतकामवाली उभी राहिली.

“काकू, करा.”

“एक सांगते. सोल्डरवर आयर्न चार सेकंद राहिलं तर ठीक. सहाला धुराचा वास बदलतो. दहाला बोर्डाची कातडी सुटते आणि हे खाल्लेले पाय तिच्याबरोबर जातात. तेव्हा कुणी मला हात लावायचा नाही, बोलायचं नाही. हिक्. अहो, दार लोटून घ्या. आणि त्या शहाण्याला सांगा, आज औषध नको.”

मी दार लोटलं. मेव्हण्याला सांगायला मात्र गेलो नाही. रस्ता ओलांडायचा कंटाळा केला, हे कबूल करतो. म्हटलं, दार लोटलेलं आहे, एवढं पुरे.

हिने बोर्ड फडक्यावर ठेवला, स्पिरिटने पुसला, पायांवर राळेची पातळ पेस्ट लावली. मग दोन्हीकडच्या चार-चार पायांवर वरून आणखी सोल्डर ओतलं. नवख्याला वाटावं, काढायचं सोडून ही आणखी चिकटवतेय. पण सोल्डर जितकं जास्त, तितकी ऊब जास्त वेळ टिकते. दोन्ही बाजूंना चांदीची लांबट तळी तयार झाली, मधे चिप. चिमटा डाव्या हातात तयार.

आयर्न डावीकडे. हिक्! हात वर, उजवीकडे. हिक्! हात वर, डावीकडे.

मी कपाटापाशी एक पाय स्टुलावर ठेवून उभा होतो, हातात चहाचा रिकामा ग्लास. भरतकामवालीने दोन्ही हात गालांवर धरले होते. सातवी उचकी. आठवी. राळेचा गोड धूर सरळ वर चाललेला. दहाव्या उचकीला डावं तळं वितळलेलं असताना उजवं अजून गोठलेलं नव्हतं, आणि चिप हलली. इतकी, जितकं झोपलेल्या माणसाचं पापणीआडचं बुबुळ हलतं. आणखी दोन-तीन फेऱ्या, की ती तरंगणार होती.

हिने आयर्न डावीकडे टेकवलं, आणि त्याच वेळी दार उघडलं.

आता मेव्हण्याची बाजूही सांगायला हवी. तो मूर्ख नाही. त्याने दाराबाहेर उभं राहून आधी कान दिला होता. आतून उचकी ऐकू येत होती, आणि त्याने हिशेबाने विचार केला, की ज्या अर्थी उचकी चालू आहे, त्या अर्थी काम चालू नसणार. कारण उचकी लागलेली असताना चिप कोण काढतं? कुठलाही शहाणा माणूस असाच विचार करेल. आणि तीन दिवस डोकं खाजवून त्याला एवढं कळलं होतं, की पिशवीला, ट्यूबला, टोपलीला न घाबरणारी आपली ताई जगात एकाच गोष्टीला घाबरते.

त्याने छाती भरून हवा घेतली आणि ओरडला,

“उडाला!!!”

रस्त्यावरची तीन माणसं जागच्या जागी थबकली, असं नंतर कळलं. आत तर विचारूच नका. इतक्या वर्षांची सवय, दुकानालाही आणि गल्लीलाही. मी एक पाय स्टुलावर, एक जमिनीवर, ग्लास हवेत, दगड. भरतकामवाली गालांवर हात ठेवून दगड. मेव्हणा स्वतःच ओरडला होता, काही उडालेलं नाही हे जगात फक्त त्याला माहीत होतं, तरी तोही तोंड उघडं ठेवून दगड. आणि आमची ही, आयर्न डाव्या पायांवर टेकवलेल्या स्थितीत, पाषाणाची मूर्ती.

चार सेकंद झाले. उचकी आली नाही.

औषध लागू पडलं होतं. तीन दिवस ज्याची वाट पाहिली ते झालं, आणि नेमकं तेव्हा झालं. पाच सेकंद. हिचा हात उचकीची वाट बघत होता, आणि ही स्वतः शोध सुरू व्हायची वाट बघत होती, आणि दोघांपैकी कुणीच हलत नव्हतं. सहा. धुराचा वास बदलला. भरतकामवालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते गालावर उतरेना, कारण तेही दगड झालं होतं.

“हात उचल,” असं मी ओरडायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, आणि माझ्या सांगण्यावरून हिने हात उचलल्याचं एकही उदाहरण नाही. उलट मी म्हटलं असतं हात उचल, तर ती म्हणाली असती, का? आणि त्या ‘का’ला तीन सेकंद गेले असते. सात. माझं डोकं चालेना. तोंड चाललं.

“हिक्!”

तिचा हात उडाला. वर, आणि पलीकडे, आणि उजव्या पायांवर अलगद उतरला. चेहरा तसाच दगडी, डोळे भिंगामागे वटारलेले, पण हात कामाला लागला. हाताला कुणाची उचकी आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आता माझी पंचाईत. उचकी दिली खरी, पण पुढची बरोबर चार सेकंदांनी द्यायला हवी. मी ज्या माणसाला उद्या म्हणून सांगतो त्याला आठवड्याने तोंड दाखवतो. पण तीन दिवस, तीन रात्री तोच ठेका कानात वाजत होता. एक, दोन, तीन.

“हिक्!” डावीकडे.

“हिक्!” उजवीकडे. आवाज खरा वाटावा म्हणून मी हातही उडवत होतो. ग्लासातला उरलेला थेंब माझ्या कानात गेला.

“हिक्!” डावीकडे. चिप तरंगली. चांदीच्या पाण्यावर चक्क फिरली, पानासारखी. हिचा डावा हात पुढे आला, चिमट्याने तिला पोटाशी धरलं, ना कमी ना जास्त, आणि उचलून पांढऱ्या बशीत ठेवलं. आठच्या आठ पाय. मी लांबूनच मोजले.

तरी कुणी हललं नाही. नियम म्हणजे नियम. उडालेलं सापडेपर्यंत सुटका नाही.

“काय उडालं?” हिने मान न वळवता विचारलं.

मेव्हण्याने बशीकडे पाहिलं, आयर्नकडे पाहिलं, भरतकामवालीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला. “तुझी उचकी, ताई.”

पोटावर हात ठेवून तिने वाट पाहिली. उचकी नव्हती. मग तिने कमरेचं कापड सोडलं, उठली, आणि मेव्हण्याला टोपलीसकट दळण आणायला पाठवलं. घरात पीठ भरपूर होतं.

“आणि तुम्ही,” ती माझ्याकडे वळली. मी अजून स्टुलावर पाय ठेवून. “चौथी उचकी जरा लवकर दिलीत.”

“घाई झाली.”

“असू दे. बाकीच्या बऱ्या होत्या.”

आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

भरतकामवालीने आणलेल्या दुसऱ्या बोर्डावर चिप बसवणं हिच्या हातचा मळ. जुनं सोल्डर तांब्याच्या वेणीने टिपून घेतलं, जागा चकचकीत केली, चिपच्या कोपऱ्यावरचा ठिपका बोर्डावरच्या ठिपक्याकडे आहे ना हे दोनदा पाहिलं, आठ पाय एकेक करून चिकटवले. पाचला आम्ही तिघं भरतकामवालीच्या दुकानात. मी मशीनची झाकणं बसवली, सगळे स्क्रू लागले आणि दोन उरले, जे नेहमीच उरतात. बटण दाबलं. पडद्यावर काही नाही. मग एक रेघ. मग आकडे धावायला लागले आणि थांबले, दोनशे चौदावर.

भरतकामवाली मटकन खुर्चीवर बसली आणि हिच्या पोटाला मिठी मारून जे रडायला लागली, ते हसणं होतं की रडणं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई संध्याकाळच्या बसने आली. छोटीशी बाई, पिशवी मुलीच्या हातात द्यायच्या आधीच मशीनजवळची खुर्ची चाचपून बसली. “चिमणी भर,” म्हणाली. मशीन खडखडलं, सुई खालीवर झाली, पाच मिनिटांत पांढऱ्या कापडावर करड्या दोऱ्याची चिमणी. मुलीने कापड सोडवून आईच्या हातात दिलं. आईचं बोट चोचीवरून निघालं, डोक्यावरून पाठीवर आलं आणि थांबलं. मागे गेलं. परत पुढे आलं.

“कुणी बसलं होतं गं मशीनवर?”

“कुणी नाही, आई. का?”

“हा टाका दचकलाय.” तिने बोट पुढे सरकवलं. “आणि हा. आणि इथेही. मोजून दर चाळीस टाक्यांनी एक टाका उडी मारतोय.”

मशीन सेकंदाला दहा टाके घालतं. मी हिच्याकडे पाहिलं. हिने छताकडे पाहिलं.

“बिघडलं का, आई?” भरतकामवालीचा आवाज बारीक झाला.

“बिघडलं? अगं, आता कुठे चिमणी चिमणीसारखी झाली! चिमणी काय पहाऱ्यावरच्या शिपायासारखी उभी राहते? थरथरतच असते ती. इतकी वर्षं सांगतेय मी, सरळ टाक्यात जीव नसतो. आता आलाय बघ. मोर भर. मोर कसा येतो बघू.”

मोरही दचकत आला. हत्तीही. दोनशे चौदा नक्ष्या आहेत, आणि चिप उठताना जे जे ऐकत होती ते सगळं तिने लक्षात ठेवलंय. त्यात माझा वाटा चार उचक्यांचा, एक जरा लवकरची. ती हत्तीच्या शेपटीजवळ दिसते, हवं तर जाऊन बघा. हिचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, मशीनचा पट्टा सैल झालाय, दोन स्क्रू ज्या माणसाकडे उरले त्याला विचारा, मी दहा मिनिटांत घट्ट करून देते. भरतकामवालीने ते ऐकलं आणि मशीनच्या आणि तिच्या मधे उभी राहिली. “काकू, हात लावाल तर खबरदार.” आता लांबलांबून लोक तिच्याकडे येतात आणि दचकलेला टाकाच मागतात.

आमच्या दुकानात मात्र एक काम वाढलं. हिची उचकी त्या दिवसापासून आली नाही, पण हाताला जी सवय लागली ती लागली. मनात मोजते, चुकते, चिडते. मग हाक येते. “अहो, या इकडे. आठ पायांची आलीय.” मी स्टूल ओढतो, घसा साफ करतो, ती आयर्न टेकवते, आणि मी द्यायला लागतो. दर चार सेकंदांनी एक. मेव्हण्यासाठी दारावर पाटी लावलीय, की आतून उचकी ऐकू आली तर काम चालू आहे असं समजावं.

चाळीस वर्षांनी का होईना, माझ्या सांगण्यावरून तिचा हात उचलला जातो. फक्त सांगताना मला शब्द वापरायची परवानगी नाही.